जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारच्या सहली कशा आखाव्यात: कोकणातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, मालवण या भागांतून उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या मुलामुलींच्या घरी फी, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी भरून ती दरमहा थोडी थोडी मिळणारे खाते) आणि राहण्याची जागा यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. सहलींचा विषय निघालाच तर तो उधळपट्टी म्हणून निघतो. मला हे पटत नाही. ज्या देशात दोन-तीन वर्षे काढायची तो देश केवळ वर्गात बसून कळत नाही. मात्र सहलींची सुरुवात पॅरिस आणि रोमपासून न करता, राहत्या शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावरील गावांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम कॅलेंडरचे आहे. विद्यापीठाचे वेळापत्रक हाती येताच परीक्षा, सादरीकरणे आणि अर्धवेळ कामाच्या पाळ्या त्यात लिहून घ्याव्यात आणि मग उरलेले शनिवार-रविवार मोजावेत; ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघतात. सार्वजनिक सुट्ट्या राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्याच राज्याची यादी पाहावी. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, तर जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो. त्यामुळे संग्रहालये हिवाळ्यासाठी राखून ठेवावीत आणि किल्ले, जंगले, समुद्रकिनारे उन्हाळ्यात पाहावेत.

दुसरे काम तिकिटाचे. मे 2023 मध्ये दरमहा 49 युरो दराने सुरू झालेले डॉइचलँड-तिकीट, म्हणजे मासिक वर्गणीचे प्रवास-तिकीट, 2025 मध्ये 58 आणि 2026 पासून 63 युरोंचे झाले. अनेक विद्यापीठांच्या सेमिस्टर शुल्कात त्याची सवलतीची विद्यार्थी आवृत्ती समाविष्ट असते, त्यामुळे वेगळे तिकीट काढण्यापूर्वी ते तपासावे. या तिकिटावर देशभरातील प्रादेशिक गाड्या, एस-बान (शहरांतील लोकल गाड्या), ट्राम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी या जलद गाड्या चालत नाहीत. वेगळे तिकीट घेतलेच आणि नंतर ते नको झाले, तर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करावे लागते, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा 992 युरो हाती येत असताना ही चूक परवडणारी नाही.

तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे परतीची गाडी आधी ठरवणे. पावसाळी वेळापत्रक लागले की कोकण रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा बदलतात, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते; जर्मनीत मुख्य वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावर बदलते आणि शिवाय रुळांच्या दुरुस्तीची कामे अनेकदा शनिवार-रविवारीच काढली जातात, तेव्हा रेल्वेऐवजी बस धावते. म्हणून आदल्या रात्री रेल्वेच्या ॲपमध्ये संपूर्ण प्रवास पुन्हा पाहावा आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली परतीची गाडी मानावी. एका दिवसात एकच गाव ठेवावे. तीन गावांत फोटो काढून परतलेल्या विद्यार्थ्याला त्यांतल्या एकाही गावाचा बाजार, चर्च किंवा नदी नीट आठवत नाही.

किनाऱ्यावरच्या मुलांनी एक सहल मात्र अवश्य करावी, ती कुक्सहाफेनची. हॅम्बुर्गहून प्रादेशिक गाडीने जाता येते, म्हणजे डॉइचलँड-तिकीट पुरते. तिथला वाटनमेअर हा उत्तर समुद्राचा उथळ पट्टा 2009 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ओहोटीला समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरतो आणि किनाऱ्यावरून नॉयवेर्क बेटापर्यंत सुमारे 10 किलोमीटर चिखल-वाळूतून चालत जाता येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. पण येथे अंतर कितीतरी मोठे आहे, मधल्या खाड्या झपाट्याने भरतात आणि धुके अचानक उतरते. अडकलेल्यांसाठी वाटेवर उंच खांबांवर पिंजरे उभारलेले आहेत, यावरूनच धोका लक्षात यावा. भरती-ओहोटीचे आपले ज्ञान कितीही पक्के असले तरी स्थानिक वाटाड्याबरोबरच जावे, त्याची नोंदणी आधी करावी आणि बेटावरून परतणाऱ्या बोटीची वेळही तेव्हाच विचारून ठेवावी. ही सहल उन्हाळ्यातच करावी.

जवळची गावे पाहून झाली, गाड्या बदलण्याचा सराव झाला, की सीमेपलीकडे जावे. जर्मनीचा वैध निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत (सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते. मूळ पासपोर्ट आणि मूळ परवाना दोन्ही जवळ हवेत. मोबाइलमधील छायाचित्र चालत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाचा केवळ अर्ज हाती असेल, तर आउसलेंडरबेहर्डे या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय देश सोडू नये. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण तिथे चलन वेगळे आहे आणि युरोपीय संघातील मोफत रोमिंगचा नियम लागू होत नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू इतर युरोपीय देशांतील उपचारांसाठी असते. मात्र स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि डेन्मार्कला जाण्यापूर्वी भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी विमा संस्थेकडून खात्री करून घ्यावी. पॅरिसला जाणाऱ्यांसाठी एक आनंदाची गोष्ट अशी, की युरोपीय संघातील देशांत राहणाऱ्या 26 वर्षांखालील सर्वांना, नागरिकत्व कोणतेही असो, लूव्र संग्रहालयात मोफत प्रवेश आहे. तिथे निवास परवाना दाखवावा लागतो.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतील काही दुकाने तेवढी उघडी असतात आणि ती महाग पडतात. शनिवारी संध्याकाळपर्यंत पाव, फळे, दही घेऊन ठेवावे. स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल निवडल्यास पोहे किंवा कुळथाची पिठी आणि भात अर्ध्या तासात होतो, आणि दोन दिवसांत वाचलेल्या पैशांत पुढच्या सहलीची एक रात्र निघते.

निघण्यापूर्वी गाडीची वेळ, हॉस्टेलचा पत्ता आणि परतीचा दिवस घरी एकाच संदेशात कळवावा. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन; रात्री दहाला हॉस्टेलवर पोहोचून फोन केला, तर घरी मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हणून पोहोचल्याचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी करायचा, हे आई-वडिलांशी आधीच ठरवून ठेवावे.