सोनटक्क्याचं पाणी चैत्रात तोडू नका

श्रावण गेला तरी तुरे का धरले नाहीत, हे विचारायला बागायतदार भाद्रपदात येतात. तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. सोनटक्क्याच्या फुलाचा निकाल मार्च ते मे या तीन महिन्यांत लागतो, म्हणून हे आत्ताच वाचा आणि आजच बागेत फेरी मारा.

सोनटक्क्याचा दांडा आयुष्यात एकदाच फुलतो. येत्या गौरी-गणपतीत जे फुलायचे आहेत ते कोंब सध्या कंदातून वर येत आहेत. वीतभर असताना त्यांच्या बुडाची ओल गेली की ते तिथेच खुंटतात. पावसाळ्यात नवे फुटतात खरे, पण त्यांना तुरा येईपर्यंत फुलांचा बाजार उठलेला असतो.

लोक सोनटक्क्याला हळदीच्या मापाने मोजतात. हळदीची पानं वाळली तरी कंद जमिनीत निवांत पडून राहतो. सोनटक्का मूळचा पूर्व हिमालयाकडचा, ओढ्याकाठच्या आणि दलदलीच्या जमिनीतला. ओल मिळाली तर बारा महिने हिरवा राहतो. त्याला उन्हाळ्यात झोपवू नका.

कोकणात आणि गोव्यात ही चूक अलीकडे वाढली आहे आणि तिचं कारण डोळ्यांसमोर आहे. पूर्वी पोफळीच्या बागेत पाटाने शिंपणं व्हायचं, सोनटक्का पाटाच्या कडेला आपसूक वाढायचा. आता ठिबक आलं, पाट कोरडे पडले. घराकडेही तेच झालं. न्हाणीचं पाणी केळी-अळूला आणि सोनटक्क्याला जायचं, ते आता पाइपातून शोषखड्ड्यात जातं. रोप तिथेच राहिलं, पाणी मात्र दुसरीकडे गेलं. ठिबक असेल तर सोनटक्क्याच्या प्रत्येक बेटाला, म्हणजे दांड्यांच्या झुबक्याला, एक वेगळी नळी द्या. न्हाणीचं पाणी वळवता येत असेल तर जरूर वळवा, कपडे धुण्याच्या पावडरीचं तेवढं वगळा.

ओल कशी ओळखायची? पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, बाजूला करून बोट दोन पेरं मातीत घाला. माती बोटाला चिकटली तर ठीक, भुरभुरली तर त्याच संध्याकाळी पाणी द्या. दुपारी पान लांबीत गुंडाळलेलं दिसलं तर एवढ्यात घाबरायचं कारण नाही. सकाळी सातलाही ते उलगडलेलं नसेल तर मात्र उशीर झालाय. जांभ्या जमिनीत दर तिसऱ्या दिवशी आणि भारी जमिनीत आठवड्याने पाणी पुरतं, हा माझा अंदाज आहे. शेवटी बोटाचं ऐका. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट धरतं. तसा इशारा आला की बाकीची कामं ठेवा आणि आधी सोनटक्का भिजवा.

बुडाशी नारळाची भिजवलेली सोडणं (वरची सालं) उताणी मांडा, वर चार बोटं पातेरा. यापुढे दुकानातल्या फूलवाढीच्या टॉनिकाची गरज नाही. कोरड्या बेटावर महागडी बाटली फवारून तुरे आलेले मी पाहिलेले नाहीत. ओल्या बेटाला कुजलेलं शेणखत पुरतं.

बाकी कामं:
- फुलून गेलेले दांडे बुडापासून कापणे
- दुपारच्या उन्हात सावली असेल अशी जागा
- नवी लागवड मृगाच्या पावसावर. दोन डोळ्यांचा ताजा कंद, खोली २ इंच, अंतर दीड ते दोन फूट
- दाटलेलं बेट ३ वर्षांनी फोडणे
- बेटाला दोन घमेली शेणखत, मेअखेर

पावसाळ्यात पानाची सुरळी करून आत बसणारी अळी दिसेल. ती एका काळ्या-पांढऱ्या फुलपाखराची आहे, सुरळ्या हाताने काढा, औषध नको. दांड्याला भोक आणि बाहेर भुसा दिसला तर तो खोडकिडा. दांडा बुडापासून कापून जाळा आणि बेटावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. कंद मऊ पडून वास मारू लागला तर कुजका भाग काढून १ टक्का बोर्डो मिश्रण ओता: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा. ही मात्रा आलं-हळदीच्या शिफारशींतली आहे, सोनटक्का त्यांच्याच कुळातला.

बेट फोडून उरलेले कंद ओढ्यात टाकू नका. हवाई आणि ब्राझीलमध्ये या झाडाने पाणथळ जागा बळकावून तिथली मूळची झाडं हटवली आहेत. शेजाऱ्याला द्या, नाहीतर वाळवून जाळा.

बेट आधीच करपलं असेल तर उपटू नका. एका कडेची माती सारून कंद नखाने दाबा. टणक लागला आणि आल्यासारखा वास आला तर जीव आहे. वाळलेली पानं कापा, पातेरा घाला आणि मृगापर्यंत पाणी चालू ठेवा. यंदा फुलं उशिरा आणि कमी येतील, पण बेट वाचेल.