आलिशान मोटार कंपनीचे विद्युत धोरण कसे पारखावे

आलिशान मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे विद्युत वाहनांविषयीचे धोरण तपासताना तिने जाहीर केलेल्या मुदतीपासून सुरुवात करू नये. २०३० पर्यंत केवळ विद्युत गाड्या विकू, असे व्होल्वोने २०२१ मध्ये सांगितले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते मागे घेतले. बेंटलीची २०३० ची मुदतही २०३५ वर गेली. अशा घोषणा गुंतवणूकदारांना आणि सरकारांना उद्देशून केलेल्या असतात. खरा पैसा कशात गुंतला आहे, हे गाडीच्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे ती ज्या मूळ सांगाड्यावर बनते त्यावरून कळते.

म्हणून प्रथम पाहावे ते हे की, विद्युत आणि इंजिनाच्या गाड्या एकाच सांगाड्यावर बनतात की वेगवेगळ्या. बीएमडब्ल्यूने आय४ ही विद्युत गाडी म्युनिकच्या कारखान्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्याच सांगाड्यावर आणि जुळणी-रांगेवर बनवली. त्यामुळे इंजिनासाठी राखलेली जागा विद्युत गाडीत पूर्णपणे उपयोगी पडत नाही, पण मागणी बदलली की उत्पादनाचे प्रमाण बदलता येते. मर्सिडीजने उलट मार्ग धरला. २०२१ ची ईक्यूएस ही विद्युत गाडी स्वतंत्र प्लॅटफॉर्मवर आली आणि हवेचा रोध कमी व्हावा म्हणून तिला सलग, गोलसर आकार दिला गेला. तिचे बॉनेट मालकाने उघडायचेच नाही, काच धुण्याचे पाणीसुद्धा बाजूच्या झाकणातून भरायचे. अभियांत्रिकी उत्तम होती, परंतु एस-क्लास या मर्सिडीजच्या आलिशान इंजिन-गाडीच्या ग्राहकाला हवा असलेला रुबाब त्यात राहिला नाही, असे माझे मत आहे. २०२४ मध्ये कंपनीने तिच्या बॉनेटवर मर्सिडीजची खूण असलेला उभा तारा आणि पुढे क्रोमच्या पट्ट्या दिल्या, ही एक प्रकारे कबुलीच म्हणावी लागेल.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे: इंजिन गेल्यावर ग्राहकाने जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? रोल्स-रॉइसला तो फारसा छळत नाही, कारण शांतता हीच तिची जुनी ओळख आहे आणि तिच्या स्पेक्टर या विद्युत गाडीत ती आपोआप मिळते. पोर्शने २०१९ च्या टायकान या विद्युत गाडीत जलद चार्जिंगसाठी ८०० व्होल्टची यंत्रणा आणि वेगासाठी मागच्या धुऱ्याला दोन गिअर देऊन उत्तर शोधले. मात्र २०२४ मध्ये शाओमीने एसयू७ ही विद्युत गाडी आणल्यावर चीनमध्ये नुसता वेग पुष्कळ स्वस्तात मिळू लागला. पोर्शची चीनमधील विक्री २०२१ मध्ये ९५,००० हून अधिक होती, ती २०२४ मध्ये ५७,००० च्या आत आली. त्याला तेथील मंदावलेली आलिशान बाजारपेठही कारणीभूत आहे. तेव्हा वेग, बॅटरीचा पल्ला आणि पडद्यांचा आकार बाजूला ठेवून, प्रतिस्पर्ध्याला सहज उचलता येणार नाही असे काय उरते, ते लिहून काढावे.

जुन्या गाडीला मिळणारा भावही पाहावा. तो घसरला की लीजचा, म्हणजे गाडी ठरावीक काळ भाड्याने घेण्याचा, हप्ता वाढतो आणि नव्या गाडीची किंमत टिकवणे कठीण जाते.

शेवटी, योजनांतील बदल कंपनीच्या हिशोबात कोठे दिसतो ते तपासावे. सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्शने नवा विद्युत प्लॅटफॉर्म लांबणीवर टाकला आणि कायेन या आपल्या एसयूव्हीच्या वरची नियोजित एसयूव्ही सुरुवातीला पेट्रोल व प्लग-इन हायब्रिड (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या) रूपातच आणण्याचे ठरवले. अशा वेळी किती खर्च बुडीत धरला आणि नफ्याचा अंदाज किती खाली आणला, हे आकडे कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदाआधी वाचावेत.