लेझर डायोडला किती करंट द्यावा: दुसऱ्याचा आकडा उचलू नका, स्वतःचा मोजा

जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेल्या ६५० नॅनोमीटरच्या लाल डायोडला किती करंट द्यायचा, असं विचारलं की लगेच एखादा आकडा मिळतो. कोणी २५० मिलिअँपिअर सांगतो, कोणी ३००. "माझा चालतोय" एवढाच त्यामागचा पुरावा. एकाच नंबरच्या, एकाच खोक्यातल्या दोन डायोडना सारख्याच उजेडासाठी वेगवेगळा करंट लागतो. म्हणून डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्याचं माहितीपत्रक, उघडा. अशा छोट्या डायोडची कमाल मर्यादा तिथे बहुधा प्रकाशाच्या मिलिवॉटमध्ये दिलेली असते. करंटचे आकडे 'सर्वसाधारण' आणि 'कमाल' असे दोन असतात, कारण प्रत्येक नगाचा वेगळा निघणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं.

त्याच पानावर आणखी एक सापळा आहे. रायटरमध्ये हा डायोड काही नॅनोसेकंदांच्या स्पंदांवर चालतो, त्यामुळे स्पंदांसाठीचे मिलिवॉट मोठ्या दिमाखात छापलेले असतात. आपण तो सलग चालवणार आहोत आणि सलगचा आकडा बरेचदा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. आपल्याला तोच हवा.

डायोड मॉड्यूलमध्ये (भिंग असलेल्या धातूच्या नळीत) दाबून, थर्मल पेस्ट लावून हीटसिंकवर बसवा. सोल्डरिंग आयर्न अर्थिंग असलेलं हवं.

लेझरपासून वाचवणाऱ्या चष्म्याबद्दल मात्र तडजोड नाही. ५ ते ५०० मिलिवॉटचा लेझर थ्री-बी वर्गात मोडतो आणि असा किरण थेट किंवा चकचकीत वस्तूवरून उलटून डोळ्यात गेला, तर इजा कायमची असते. चष्म्यावर तुमची तरंगलांबी आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे चष्मा किती प्रकाश अडवतो त्याचा आकडा) छापलेलं असायला हवं. निळ्या लेझरसाठीचा नारिंगी चष्मा लाल किरण सरळ आत सोडतो. हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा.

ड्रायव्हर, म्हणजे डायोडला ठरलेला करंट देणारं सर्किट: मोजणीसाठी एलएम३१७ ही रेग्युलेटर चिप पुरेशी आहे. अँपिअरमधला करंट म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टरचे ओहम. ८.२ ओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये १०० ओहमचा ३ वॉटचा वायरवाउंड पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) लावा. मग करंट साधारण १२ ते १५० मिलिअँपिअरमध्येच फिरतो आणि पॉट शून्यावर गेला तरी १५०च्या फारसा वर जात नाही. स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा प्रीसेट इथे नको, एवढा करंट त्याला झेपत नाही. पॉटचा मधला पाय एका टोकाला जोडा. पुरवठ्याला सिरीजमध्ये मिळून ७.४ व्होल्ट देणारे दोन लिथियम सेल पुरतात. आधी लेझर डायोडऐवजी सिरीजमध्ये १एन४००७ हे तीन साधे डायोड आणि एक ओहमचा रेझिस्टर लावून तपासा. एक ओहमवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. हा रेझिस्टर नंतरही डायोडच्या सिरीजमध्ये राहू द्या. आउटपुटला कपॅसिटर असेल तर ड्रायव्हर बंद करून, त्याचे पाय शॉर्ट करून मगच डायोड जोडा. भरलेला कपॅसिटर डायोडला उडवायला एक क्षणही लावत नाही.

आता खरी पायरी. हिनेच माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, कारण मिळालेला प्रत्येक सल्ला एकच होता: "करंट वाढवत जा, उजेड वाढायचा थांबला की थोडं मागे या." लाल डायोडसाठी हा सल्ला घातक आहे. उष्णतेमुळे उजेड वाढायचा थांबतो हे खरं, आणि ते करंट कमी केला की भरूनही निघतं. पण चिपच्या ज्या टोकातून किरण बाहेर पडतो, तो सूक्ष्म आरसा प्रकाशाच्या माऱ्याने वितळू शकतो, आणि बरेचदा तो करंट-उजेडाचा आलेख वाकण्याआधीच जातो. मग उरतो साध्या एलईडीसारखा मिणमिणता लाल ठिपका. मर्यादा शोधायला निघालेल्याला ती ओलांडल्यावरच कळते. म्हणून ती शोधूच नका, खालून मोजत वर या.

भिंग काढून ठेवा. भिंग काही प्रकाश अडवतं, त्यामुळे त्याच्या पुढे १०० मिलिवॉट दिसले तर चिप त्याहून जास्त बाहेर टाकत असते. भिंगाशिवाय किरण झपाट्याने पसरतो, तेव्हा पॉवर मीटरचा सेन्सर अगदी जवळ, किंचित तिरका धरा. २० मिलिअँपिअरपासून दहा-दहाच्या पायऱ्यांनी चढा आणि दर वेळी आकडा स्थिरावू द्या. सुरुवातीला जवळजवळ काहीच मिळणार नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या करंटला डायोड खरा लेझर होतो तो, आला की रेघ एकदम सरळ वर चढू लागते. समजा ८० मिलिअँपिअरला १८ मिलिवॉट मिळाले, ९०ला २८ आणि १००ला ३८. म्हणजे दर मिलिअँपिअरला एक मिलिवॉट आणि थ्रेशोल्ड ८० वजा १८, म्हणजे ६२. इथेच थांबा. पुढचं कागदावर निघतं: सलगची मर्यादा १०० मिलिवॉट असेल तर ती १६२ला येईल. मी ८० टक्क्यांवर जात नाही, त्याच्या खालीच राहतो. ८० मिलिवॉट म्हणजे १४२ मिलिअँपिअर, आणि ८.२ ओहम व पॉट काढून त्यांच्या जागी लावलेला ९.१ ओहमचा एकच रेझिस्टर १३७ देतो. दुकानात १० ओहमचाच मिळाला तर १२५. दोन्हींतला फरक डोळ्यांना कळणारही नाही, तेव्हा १०चा घेऊन या.

पॉवर मीटर नसेल तर छोटा सोलर सेल घ्या, मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून थेट जोडा आणि किरण त्यावर पसरू द्या. मिलिवॉट कळणार नाहीत, पण थ्रेशोल्ड नक्की कळेल. मग डेटाशीटमधला 'सर्वसाधारण' चालू करंट आणि थ्रेशोल्ड यांतला फरक काढा, त्याचा ७० टक्के भाग तुम्ही मोजलेल्या थ्रेशोल्डमध्ये मिळवा आणि तिथेच राहा.

तापमान बहुतेक लोक विसरतात. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांनी पहिला डायोड लेझर चालवला तो द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात आणि स्पंदांवर. खोलीच्या तापमानाला सलग चालणारा यायला १९७० उजाडलं. उष्णतेचा तो त्रास आजच्या डायोडलाही आहे. तापला की थ्रेशोल्ड वर सरकतो आणि उजेड घटतो. माणूस करंट वाढवतो, डायोड आणखी तापतो. उलट बाजू तर जास्त धोक्याची आहे. नागपूरला मे महिन्याच्या दुपारी बेतलेला करंट डिसेंबरच्या पहाटे तसाच दिला, तर थ्रेशोल्ड दहा-बारा मिलिअँपिअरने खाली आलेला असतो. म्हणजे त्याच करंटला तेवढाच जास्त प्रकाश त्या आरशावर आदळतो. मोजणी उन्हाळ्यात केली असेल तर दहा-बारा मिलिअँपिअर आधीच वजा करा.

ठरलेला करंट, थ्रेशोल्ड आणि त्या वेळचं तापमान मॉड्यूलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच तापमानाला थ्रेशोल्ड पुन्हा मोजा. तो लक्षात येण्याइतका वर गेला असेल तर डायोड थकत चालला आहे. त्याला जुना उजेड परत मिळावा म्हणून करंट वाढवू नका, आहे तेवढ्यावरच चालवा.