गाडीच्या वाटेआधी गटार बघा

नव्या घराचा नकाशा घेऊन येणाऱ्याला देवघर कुठल्या कोपऱ्यात, हे पाठ असतं. गाडी रस्त्यावरून आत कशी घेणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: 'घालूया गटारात एक पाईप, वर काँक्रीट.' गोव्यात डिचोली-सत्तरीत बांधकामांवर देखरेख करतो, म्हणून सांगतो, नंतरची भांडणं त्या पाईपातूनच निघतात.

आधी रस्ता कुणाचा, ते पंचायतीत विचारा. गावातला रस्ता पंचायतीचा असू शकतो, शेजारचाच साबांखाचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा निघतो. रस्त्याची कड किंवा गटार फोडायचं तर ज्याचा रस्ता त्याची परवानगी हवी. घराचा बांधकाम परवाना 1994 च्या पंचायत राज कायद्याखाली पंचायत देते. त्याच नकाशात फाटक आणि वाट दाखवून टाका. पत्रादेवी ते पोळेपर्यंतच्या महामार्ग 66 वर मात्र सरपंचांच्या होकाराने भागत नाही. तिथे 2002 चा केंद्रीय कायदा लागतो आणि परवानगी महामार्ग प्रशासनाकडून घ्यावी लागते.

आता गटार. समजा ते 60 सेंटीमीटर रुंद, तेवढंच खोल आहे. त्यात 300 मिलिमीटरचा पाईप टाकला की पाण्याला मूळ वाटेचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. त्यात माडाची एक झावळी अडकली, की आषाढात वरच्या घराचं अंगण भरलंच म्हणून समजा. माझं मत विचाराल तर पाईप नकोच. दोन्ही बाजूंना चिऱ्याची किंवा काँक्रीटची भिंत, मधे गटाराची पूर्ण रुंदी मोकळी आणि वर सुटे स्लॅब. प्रत्येक स्लॅबला लोखंडी कड्या ठेवा, म्हणजे मे महिन्यात उचलून गाळ काढता येतो. सलग ओतलेल्या काँक्रीटखाली कोण हात घालणार? गटाराचा तळ वर-खाली करू नका. टेप लावून फोटो काढा आणि फाईलला जोडा. गेल्या पावसात पाणी कुठवर चढलं, ते शेजाऱ्यांना विचारा. नकाशा ते सांगत नाही.

उतार 1:10 धरा. अंगण रस्त्यापेक्षा 60 सेंटीमीटर उंच असेल तर 6 मीटर लांबी लागणारच. जागा नसेल तर अंगण खाली घ्या, चढ रस्त्यावर ढकलू नका. डांबराच्या कडेवर काँक्रीटची पाचर मारणारे महाभाग आहेत, रात्री दुचाकीवाला त्याच पाचरीवर आपटतो. अंगणातलं लाल पाणी रस्त्यावर जाऊ नये म्हणून फाटकाच्या आत आडवी चर, वर जाळी, आणि पाणी आपल्याच शोषखड्ड्यात. प्लॉट रस्त्याच्या खाली असेल तर आत उतरण्याआधी छोटा उंचवटा हवा, नाहीतर रस्त्याचं पाणी थेट पडवीत.

फाटक आत उघडणारं किंवा सरकतं. जमलं तर रस्त्यापासून 5 मीटर आत घ्या. कुलूप काढताना गाडीचं शेपूट रस्त्यावर राहत नाही. वळणावर आणि तिठ्याला लागून फाटक नकोच. चालकाचे डोळे साधारण 1.2 मीटर उंचीवर असतात, तेव्हा फाटकाच्या दोन्ही बाजूंना भिंत 90 सेंटीमीटरच्या खाली ठेवा. तिथे जास्वंद लावायचा आग्रह घरातून होतो. आत कुठेही लावा म्हणावं.

गटाराचं काम एप्रिलअखेर संपवा. मेच्या शेवटी गवंडीही मिळत नाहीत आणि काँक्रीटवर पाणी मारायला दिवसही उरत नाहीत.