असत्यापन तत्त्वावर उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘पॉपरने धार्मिक भाषा तपासण्यासाठी असत्यापन तत्त्व मांडले’ असे पहिल्याच वाक्यात लिहिलेत की गाडी रुळावरून घसरली. विज्ञानाचा तत्त्वज्ञ पॉपर याने 1934 मध्ये मांडलेली कसोटी (विधान कशाने खोटे ठरेल हे सांगता यायला हवे) विज्ञान कुठे संपते हे ठरवण्यासाठी होती. तिच्यात न बसणारे सगळे निरर्थक, असे तो मानत नव्हता. धर्माच्या भाषेला हा मुद्दा लावला ऑक्सफर्डच्या वादात तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यूने: ईश्वराविषयीचे विधान कशानेही खोटे ठरू शकत नसेल, तर ते काही सांगतच नाही. त्याचा छोटा निबंध 1955 च्या संग्रहामुळे सर्वदूर गेला. एयरचे 1936 चे सत्यापन तत्त्वही (अनुभवाने पडताळता न येणाऱ्या विधानाला तथ्यात्मक अर्थ नाही) वेगळे ठेवा.

फ्ल्यूने दिलेली माळ्याची गोष्ट पानभर सांगू नका. दोघांना जंगलातल्या मोकळ्या जागेत फुले दिसतात, तणही दिसते; एक म्हणतो इथे माळी आहे, दुसरा शंकेखोर. पहारा, विजेचे कुंपण, शिकारी कुत्रे, सगळे झाले तरी माळी सापडत नाही. मग तो अदृश्य ठरतो, स्पर्श न होणारा, वास नसलेला. माळी नाही हे सिद्ध झाले, असा निष्कर्ष इथे काढू नका. शंकेखोर विचारतो ते एवढेच: असा माळी आणि मुळात माळीच नसणे, यांत फरक काय उरला? फ्ल्यूचे खरे बोचरे उदाहरण पुढे आहे, आणि नेमके तेच उत्तरांत गाळले जाते. घशाच्या कर्करोगाने मूल मरते आहे. जन्मदाता बाप जिवाचे रान करतो, स्वर्गातला पिता काहीच करताना दिसत नाही. तरी ‘देवाचे प्रेम आहेच, पण ते माणसाच्या प्रेमासारखे नाही’ असे म्हणत राहिलो, तर त्या वाक्यात उरते काय?

त्याच वादात फ्ल्यूला उत्तर देणाऱ्या हेअर आणि मिचेल यांना ‘टीकाकार’ म्हणून एकाच परिच्छेदात कोंबणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. सगळे प्राध्यापक आपल्या जिवावर उठलेत असे मानणारा हेअरच्या गोष्टीतला विद्यार्थी कोणताच पुरावा मोजत नाही. श्रद्धा म्हणजे जगाकडे पाहण्याची अशी दृष्टी, काही ठाम विधान नव्हे, असे म्हणून हेअर फ्ल्यूला अर्धा सामना बहाल करतो. मिचेल तसे करत नाही. त्याच्या गोष्टीतला क्रांतिकारक अनोळखी माणसाला एकदाच भेटतो आणि तो आपल्याच बाजूचा आहे असा पूर्ण विश्वास ठेवतो. पुढे तोच माणूस शत्रूच्या पोलिसांच्या गणवेशात क्रांतिकारकाच्याच साथीदारांना पकडून देताना दिसतो. क्रांतिकारक हलतो, तरी विश्वास सोडत नाही. म्हणजे विरुद्ध पुरावा मोजला जातो, निर्णायक मानला जात नाही. मला हे उत्तर सर्वांत वजनदार वाटते. पण फ्ल्यूचा पलटवारही लिहा: अनोळखी माणूस मर्यादित आहे, त्याची काही मजबुरी असू शकते, सर्वशक्तिमान ईश्वराला ती सबब कशी देणार?

तत्त्वज्ञ जॉन हिकचे ‘मरणोत्तर पडताळा’ हे उत्तर दोन ओळींत पुरे: ईश्वर असल्यास तो तेव्हा कळेल; नसल्यास मात्र ते कळायला कोणी उरलेले नसेलही.

आणि फ्ल्यू 2004 मध्ये ईश्वर मानू लागला म्हणून त्याचे तत्त्व कोसळले, असे लिहू नका. माणसाचे मत बदलल्याने जुना युक्तिवाद खोटा ठरत नाही. त्याने स्वीकारलेला, जगात ढवळाढवळ न करणारा ईश्वर त्याच्याच जुन्या कसोटीला उतरतो का, हे मात्र जरूर विचारा.