कीटकांच्या यादीला ‘पूर्ण’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नोंदवहीत नव्या जातींची भर पडेनाशी झाली की परिसराची यादी पूर्ण झाली, असा समज सर्वेक्षण करणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ही भर थांबते ती बहुतेक वेळा आपल्या वाटा आणि वेळा ठरून गेल्यामुळे. अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या त्याच पायवाटांवर दर रविवारी फिरून केलेली यादी त्या पायवाटांची असते, नागपूर जिल्ह्याची नव्हे. पक्षीनिरीक्षणाच्या सवयीने उजाडताच निघणेही अडचणीचे ठरते, कारण ऊन अंगावर आल्याशिवाय बहुतेक फुलपाखरे उडत नाहीत, आणि कॉमन इव्हनिंग ब्राउन हे फुलपाखरू तर तिन्हीसांजेला बाहेर पडते. पतंगांसाठी पांढरा पडदा आणि दिवा लावावा लागतो, तोही शक्यतो अमावास्येच्या आसपास. पौर्णिमेच्या उजेडात दिव्यावर फार थोडे पतंग येतात.

जुन्या याद्यांशी तुलना करतानाही गफलत होते. नागपूरच्या संग्रहालयातर्फे 1931 साली प्रसिद्ध झालेल्या यादीत फुलपाखरांच्या 177 जाती आहेत, पण ती तेव्हाच्या संपूर्ण मध्य प्रांताची यादी आहे. त्या आकड्याशी आजच्या शहराची यादी ताडून ‘इतक्या जाती नाहीशा झाल्या’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे.

सर्वांत महाग पडते ती जात ओळखण्यातली चूक, आणि तिचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. एकूण किती जाती असाव्यात याचा अंदाज बांधण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांनी 1984 साली मांडलेले सूत्र आजही वापरले जाते: एकदाच दिसलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करावा, त्याला दोनदाच दिसलेल्या जातींच्या दुपटीने भागावे आणि येणारा आकडा सापडलेल्या जातींत मिळवावा. समजा, 400 फुलपाखरांच्या नोंदींत 60 जाती मिळाल्या, त्यांतल्या 12 एकदाच आणि 6 दोनदाच दिसल्या. म्हणजे 144 भागिले 12, अर्थात आणखी 12, आणि किमान अंदाज 72 जातींचा. यादी फार तर 83 टक्के पूर्ण आहे.

आता नागपुरातल्या सेमिनरी हिल्सवर नोव्हेंबरात पाचोळ्यावर बसलेले एक फुलपाखरू पाहा. पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके जवळजवळ नाहीत, रंग वाळक्या पानाचा, पंखांची टोके जास्त कोनदार. पावसाळ्यात ठळक ठिपक्यांसह पाहिलेल्या कॉमन इव्हनिंग ब्राउनचेच ते कोरड्या ऋतूतले रूप आहे, पण नवखा निरीक्षक त्याला वेगळी जात समजून नोंदवतो. त्या एका नोंदीने जाती 61 होतात, एकदाच दिसलेल्या 13 होतात, आणि अंदाज 72 वरून थेट 75 वर जातो. म्हणून एकदाच दिसलेल्या प्रत्येक जातीचे छायाचित्र, विशेषतः पंखांच्या खालच्या बाजूचे, जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय गणितात घेऊ नये. उलट दिशेची चूकही होते: डॅनेड एगफ्लायची मादी प्लेन टायगर या दुसऱ्या फुलपाखरासारखी दिसते आणि त्याच नावाखाली हरवून जाते.

याच उदाहरणात 400 पैकी 12 नोंदी एकदाच दिसलेल्या जातींच्या, म्हणजे नमुना 97 टक्के व्यापक, असेही गणित निघते. हा आकडा पुढच्या फेरीत दिसणारे फुलपाखरू यादीत आधीच असलेल्या जातीचे असण्याची शक्यता सांगतो. ‘97 टक्के जाती सापडल्या’ असा त्याचा अर्थ अहवालात लिहिला जातो, तो साफ चुकीचा आहे.

हे सारे हिशेब मांडता येतात ते फेरीची तारीख, वेळ, चाललेले अंतर, पद्धत आणि प्रत्येक जातीची संख्या लिहिलेली असेल तरच. केवळ नावांच्या यादीवर यातले काहीच करता येत नाही. मे महिन्यातल्या रणरणत्या दुपारी तासभर फिरून एकही फुलपाखरू दिसले नाही, तरी ती फेरी वहीत आलीच पाहिजे.