गळ्यावर आपटलेले मूल: श्वासनलिकेची दुखापत ओळखताना आणि सांभाळताना

सायकल घसरून मूल रडत घरी आले, की आधी गुडघा पाहिला जातो, कारण रक्त तिथे दिसते. हँडलचे टोक गळ्यावर बसले होते, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि गळ्यावर फार तर एक लालसर वळ असतो. बाहेरच्या खुणेवरून आतल्या इजेचा अंदाज बांधता येत नाही, हे श्वासनलिकेच्या बाबतीत पक्के लक्षात ठेवावे.

लहान मुलांचे स्वरयंत्र मानेत बरेच वर, जबड्याच्या आडोशाला असते आणि त्याच्या कूर्चा (मऊ हाडासारखे भाग) लवचिक असतात. त्यामुळे ते मोठ्यांच्या मानाने क्वचितच मोडते. मात्र आतले अस्तर सैल असल्याने सूज लवकर चढते. ४ मिलिमीटर व्यासाच्या वाटेत चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर तीन चतुर्थांश वाट बंद होते आणि हवेला होणारा अडथळा सुमारे १६ पट वाढतो.

तपासणीची सुरुवात हात लावून नव्हे, ऐकून करावी. मुलाला त्याचे नाव विचारावे आणि हा नेहमीचाच आवाज आहे का, हे आईला विचारावे. आवाज घोगरा झाला असेल, श्वास आत घेताना कर्कश घरघर येत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल किंवा गिळताना दुखते म्हणून लाळ शर्टावर गळत असेल, तर इजा गंभीर धरावी. मग गळपट्टीच्या हाडाच्या वर बोटे अलगद टेकवावीत. कातडीखाली कुरकुर लागली, तर हवा नलिकेतून बाहेर झिरपते आहे. मांज्याने चिरलेल्या जखमेत बुडबुडे दिसले, तर निदानाला आणखी काही लागत नाही.

अशा वेळी १०८ला फोन करावा. पुढे झुकून बसलेल्या मुलाला आडवे करण्याचा आग्रह धरू नये, कारण ती बैठक त्याने श्वासासाठीच शोधलेली असते. मान वळू देऊ नये, पाणी देऊ नये, घशात बोट घालू नये. रक्तस्राव असेल, तर तेवढ्याच जागी स्वच्छ कापडाने दाब द्यावा. गळ्याभोवती पट्टी गुंडाळू नये. श्वास थांबलाच, तर कृत्रिम श्वास व छातीदाब लगेच सुरू करावेत.

रुग्णालयात ऑक्सिजन देऊन कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधीच बोलवावे. मान व छातीच्या एक्स-रेत ऊतींमध्ये साठलेली हवा दिसू शकते, पण सीटी स्कॅनसाठी अस्थिर मुलाला यंत्रात झोपवणे धोक्याचे असते. श्वासासाठी घालायची नळी न पाहता आत ढकलली, तर अर्धवट फाटलेली नलिका पूर्ण तुटू शकते. म्हणून शक्य असेल तेव्हा शस्त्रक्रियागृहात, मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून, दुर्बिणीने पाहूनच वाट सुरक्षित करावी आणि ट्रॅकिओस्टॉमीची (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत थेट नळी बसवण्याची) तयारी शेजारी ठेवावी. दाबाने हवा दिल्यास गळती वाढून छातीत हवा साठू शकते, याचेही भान हवे. लहान, कडा जुळलेली चीर कित्येकदा देखरेखीखाली आपोआप भरते; मोठी फाट किंवा सरकलेली कूर्चा मात्र शिवावी लागते. लक्षणे किरकोळ वाटली, तरी निदान २४ तास मुलाला डोळ्यांसमोर ठेवावे.

घरी गेल्यावर काही आठवड्यांनी, भरून येणारी जागा आकसून नलिका अरुंद होऊ शकते. तेव्हा मूल धावताना धापा टाकते आणि डॉक्टर दमा समजून पंप सुरू करतात; त्या डॉक्टरांना सायकलवरून पडल्याचे पालकांनी आवर्जून सांगावे.